न दुखणारे पाय : घरी जाऊन पायांची काळजी घेणाऱ्या नव्या परिचारिकांसाठी

"सिस्टर, पायाला काही झालेलं नाही. नखं तेवढी कापून द्या, वाकता येत नाही म्हणून बोलावलं."

पहिल्या भेटीत हे वाक्य तुम्हाला इतक्या वेळा ऐकू येईल की पाठ होईल. मग तुम्ही मोजा काढायला लागता आणि तो करंगळीच्या बुडाशी चिकटलेला असतो. कोमट सलाइनने ओला करून सोडवला की खाली बोराएवढी जखम. काका शांतपणे म्हणतात, "पण दुखत नव्हतं हो." ते खोटं बोलत नसतात. त्यांना खरंच दुखत नव्हतं.

या कामात नव्याने आलेल्यांना वाटतं की शिकायचं आहे ते नखं कापणं, घट्टे घासणं, क्रीम लावणं. तेही शिकायचं आहेच. पण घरी जाणाऱ्या नर्सचं खरं काम म्हणजे रुग्णाच्या पायाला जे सांगता येत नाही ते शोधून काढणं आणि ते योग्य माणसापर्यंत वेळेत पोचवणं. कात्री त्यानंतर.

दुखत का नाही

मधुमेहात बरीच वर्षं साखर चढी राहिली की नसा खराब होतात, आणि सर्वांत आधी सर्वांत लांबच्या. म्हणून बधिरपणा बोटांपासून सुरू होतो आणि मोजा चढवावा तसा वर सरकतो. त्याच वेळी घाम आणणाऱ्या नसाही मंदावतात. त्वचा कोरडी पडते, टाचांना भेगा जातात. पावलातले छोटे स्नायू दुबळे होतात, बोटं आकड्यासारखी वळतात, चवड्याची हाडं खाली येतात आणि चालताना सगळा भार एकाच जागी पडू लागतो. त्या जागी घट्टा धरतो. घट्टा म्हणजे चपलेत अडकलेला खडाच समजा, फक्त तो काढून टाकता येत नाही. माणूस त्यावर चालत राहतो आणि घट्ट्याखालचं मांस आतल्या आत फाटतं. त्यात रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतील तर झालेली जखम भरायला लागणारं रक्त तिथवर पोचत नाही.

वेल्लोरला कुष्ठरुग्णांमध्ये काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं होतं की या रुग्णांची बोटं आपोआप कुजून झडत नाहीत. बधिर हातापायांना नकळत होणाऱ्या रोजच्या इजा त्याला कारण असतात. पुढे ते अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि हाच विचार मधुमेहींच्या पायांना लागू झाला. आज आपण बधिर पायावरचा भार कमी करायला धडपडतो, त्यामागे हीच समज आहे.

मधुमेह असलेल्यांपैकी साधारण १९ ते ३४ टक्के लोकांच्या पायाला आयुष्यात कधी ना कधी जखम होते. भरलेली जखम वर्षभरात पुन्हा होण्याचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणून "पूर्वी झाली होती, आता बरी आहे" हे ऐकून निर्धास्त होऊ नका. तो पाय सर्वांत जास्त जपायचा.

मधुमेह नसलेल्या वृद्धांचे पायही तुमच्याकडे येतील. त्यांचा त्रास वेगळा: हात नखांपर्यंत पोचत नाही, नजर साथ देत नाही, नखं जाड होतात, बूट चावतात, चाल बिघडते आणि एक दिवस पडतात.

आधी स्वतःची हद्द

पहिल्या घराची बेल वाजवण्याआधी एक गोष्ट कागदावर स्पष्ट हवी: तुमच्या परवान्यात काय बसतं. घट्ट्यावर ब्लेड चालवणं, आत वळलेलं नख काढणं, जखमेतलं मेलेलं मांस काढणं या गोष्टी सगळीकडे नर्सला करता येत नाहीत. जिथे येतात तिथेही वेगळं प्रशिक्षण लागतं. ड्रेसिंगसाठी डॉक्टरांची लेखी सूचना घ्या. व्यवसायाचा विमा उतरवा. आणि रुग्णाचे डॉक्टर, पायांच्या जखमा बघणारं जवळचं केंद्र, रक्तवाहिन्यांचे सर्जन यांचे नंबर आधीच फोनमध्ये टाकून ठेवा. काळं पडलेलं बोट समोर असताना नंबर शोधत बसण्यासारखी दुसरी नामुष्की नाही.

फोनवरच अर्धी तपासणी

वेळ ठरवताना दहा मिनिटं जास्त बोला. मधुमेह किती वर्षांपासून? पूर्वी पायाला जखम झाली होती का, एखादं बोट काढलंय का? डायलिसिस चालू आहे का? रक्त पातळ करण्याची गोळी, स्टेरॉइड, कॅन्सरची औषधं? डोळ्यांना नीट दिसतं का? घरात सोबत कोण असतं? आणि हो, कुत्रा असेल तर तोही विचारा. तुम्ही जमिनीलगत बसून धारदार अवजार हातात धरणार आहात, तेव्हा मांडीवर उडी नको.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर भेट जेवणानंतरची ठेवा. "सिस्टर येणार म्हणून जेवायची थांबले" असं म्हणणारी आजी अर्ध्या तासात घामाघूम होऊन थरथरायला लागू शकते. बॅगेत ग्लुकोज असू द्या.

बॅग

नखं कापायचे निपर, बारीक टोकाचा एक आणि जाड नखांसाठी दणकट एक. नखांच्या कडेला फिरवायची बारीक कानस. एकदाच वापरून टाकायच्या घासपट्ट्या. हातमोजे, मास्क, चष्मा; जाड नख घासताना उडणारी भुकटी नाकात जाते आणि तिच्यात बुरशी असते. गॉझ, सलाइन, साधी ड्रेसिंगं. पायाखाली घालायला टाकाऊ शीट. धारदार कचऱ्याचा डबा. डोक्याला लावायचा दिवा, कारण घरातल्या खोलीत पायापाशी नेमका अंधार असतो. बसायला बुटकं स्टूल, नाहीतर वर्षभरात तुमचीच कंबर जाईल. मोनोफिलामेंट (स्पर्श तपासायचा नायलॉनचा तंतू), मोजपट्टी, वही.

आता अवजारांच्या निर्जंतुकीकरणाबद्दल, कारण सर्वांत जास्त हयगय इथेच होते. दोन घरांच्या मध्ये निपर स्पिरिटने पुसणं म्हणजे निर्जंतुक करणं नव्हे. आधी ब्रश आणि डिटर्जंटने धुवायचं, सांध्यात अडकलेली भुकटी काढायची, कोरडं करायचं, मग पाकिटात घालून ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेचं यंत्र: १२१ अंश सेल्सिअसला किमान १५ मिनिटं किंवा १३४ अंशांना किमान ३ मिनिटं, आणि तुमच्या यंत्राच्या पुस्तिकेत जास्त वेळ दिला असेल तर तेवढा. पाकिटावरच्या खुणेचा रंग बदललाय का ते पाहायचं. न धुतलेल्या अवजारावरच्या घाणीखाली वाफ पोचत नाही, तेव्हा धुणं टाळता येत नाही. दिवसात चार घरं असतील तर चार संच आणि एक जादा. स्वच्छ आणि वापरलेली अवजारं दोन वेगळ्या, झाकणबंद डब्यांत. पाकीट रुग्णासमोर फोडा. त्यातून विश्वासही बसतो आणि आपल्यालाही शिस्त लागते.

दारातून खुर्चीपर्यंत

तपासणी दार उघडतं तेव्हाच सुरू होते. आजोबा कसे चालत आले? एका पायावर भार टाळतायत का? भिंतीचा आधार घेतला का? घरात अनवाणी आहेत की पायात काही आहे? दारातल्या चपला उलट्या करून बघा. तळ एकाच बाजूने झिजलेला असेल तर भार कुठे पडतोय ते चपलाच सांगते.

पाठीला टेकू असलेल्या खुर्चीत बसवा आणि पाय समोरच्या स्टुलावर उशी देऊन ठेवा, पोटरीला आधार हवा. हात धुवा. काय करणार ते आधी सांगा आणि विचारा, "चालेल ना, आजी?" ही परवानगी प्रत्येक भेटीत नव्याने घ्यायची.

"पाय कसे आहेत?" असं विचारू नका. उत्तर ठरलेलं आहे: बरे आहेत. वेगळं विचारा. रात्री पांघरुणाचा स्पर्श पायाला सहन होतो का? मुंग्या येतात का, कापसावर चालल्यासारखं वाटतं का? पाणी किती गरम आहे ते पायाला कळतं का? चालताना पोटरी भरून येऊन थांबावं लागतं का? रात्री पाय दुखून जाग येते आणि पलंगाखाली लोंबकळत सोडला की बरं वाटतं का? शेवटच्या दोन प्रश्नांना "हो" आलं तर रक्तपुरवठ्याची शंका धरायची. "नाही" आलं तरी बधिर पायाच्या बाबतीत खात्री धरायची नाही.

बघणं

दोन्ही मोजे काढायचे. तक्रार एकाच पायाची असली तरी दोन्ही. मोजा टोपलीत टाकण्याआधी उलटा करून बघा: ओलसर डाग, पिवळट वर्तुळ, रक्ताचा ठिपका. म्हणून तर फिक्या रंगाचे मोजे घालायला सांगायचं.

मग क्रमाने. मी नेहमी टाचेपासून सुरुवात करते, कारण टाच विसरली जाते. टाच, तळवा, चवडा, मग एकेक बोट वेगळं करून बेचकी. बेचकीत चिखल्या, पांढरी फुगलेली त्वचा, चीर असेल तर जंतू शिरायची वाट तीच. नखांच्या कडा. बोटांची टोकं. बोटांच्या सांध्यांवरचे उंचवटे, जिथे बूट घासतो. घट्ट्यात काळसर-लाल ठिपका दिसला तर ती घाण नव्हे. आत रक्त उतरलंय, आणि खाली जखम तयार होत असण्याची शक्यता मोठी आहे.

पुस्तकात लिहिलेलं असतं की संसर्ग झाला की त्वचा लाल होते. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवर ती लाली दिसेलच असं नाही. तिथे जांभळट, तपकिरी छटा दिसते, त्वचा ताणून चकाकते, सूज असते. दुसऱ्या पायाशी ताडून पाहा. रुग्णाचा दुसरा पाय हेच तुमचं सर्वांत जवळचं मोजमाप.

नखाखाली एकच नवीन काळी-तपकिरी रेघ, रुंद होत चाललेली किंवा काळेपणा नखाच्या बुडाच्या त्वचेवर उतरलेला, असं दिसलं तर त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवा. सावळ्या माणसांत अनेक नखांवर जुन्या रेघा असू शकतात आणि त्या बहुधा निरुपद्रवी असतात. पण नखाखाली मेलॅनोमा हा कॅन्सर होतो, आणि "ठेच लागली असेल" म्हणून तो निसटतो.

हात लावणं

हाताची मागची बाजू गुडघ्याखालून बोटांकडे फिरवा, एकदा या पायावर, एकदा त्या. थर्मामीटर असेल तर दोन्ही पायांच्या त्याच त्या जागा मोजा. सलग दोन दिवस २.२ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक राहिला तर तिथे आत काहीतरी पेटतंय असं समजून चालणं कमी करायला सांगायचं आणि डॉक्टरांना कळवायचं.

एक चित्र मनात कोरून ठेवा. मधुमेही माणूस, एक पाय गरम, सुजलेला, लालसर, त्वचा कुठेही फुटलेली नाही, आणि दुखणं अगदी थोडं किंवा नाहीच. मुरगळला असेल म्हणून बांधून देऊ नका. हा शार्को पाय असू शकतो. फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी १८६८ मध्ये नसांच्या आजारात सांधे असे उद्ध्वस्त होतात याचं वर्णन केलं होतं. हाडं आतल्या आत मोडत असतात आणि माणूस त्यावर चालत असतो. अशा वेळी त्या पायावर भार ताबडतोब बंद, आणि त्याच दिवशी डॉक्टर.

नाड्या दोन ठिकाणी बघायच्या: पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठा उचलला की ताठ होणाऱ्या स्नायूच्या दोरीच्या जरा बाहेरून; आणि आतल्या घोट्याच्या मागे. बोट हलकं ठेवा. जोरात दाबलं तर नाडी दबते आणि स्वतःच्या बोटाची धडधड ऐकू येते. सुरुवातीला मी कितीतरी वेळा स्वतःचीच नाडी मोजली आहे. लागली नाही तर "लागली नाही" असंच लिहा आणि डॉक्टरांना सांगा. अशा पायाला घट्ट दाबाचे मोजे स्वतःहून सुचवू नका.

स्पर्शाची चाचणी

१० ग्रॅमचं मोनोफिलामेंट म्हणजे एक नायलॉनचा तंतू, जो ठरावीक दाब पडला की वाकतो. आधी तो रुग्णाच्या हाताला लावून दाखवा, म्हणजे काय जाणवायला हवं ते कळेल. मग डोळे मिटायला सांगा. अंगठ्याचा तळ, अंगठ्याच्या बुडाचा चवडा, करंगळीच्या बुडाचा चवडा. त्वचेला काटकोनात टेकवा, तंतू वाकेपर्यंत दाबा, साधारण दोन सेकंदांत उचला. घट्ट्यावर किंवा जखमेवर नको. प्रत्येक जागी तीनदा विचारा आणि त्यातल्या एका वेळी मुद्दाम तंतू न लावता विचारा. तीनपैकी दोन उत्तरं चुकली तर त्या जागची संरक्षक जाणीव, म्हणजे इजा होतेय हे कळण्याची शक्ती, गेली असं धरायचं.

तंतू लावून प्रत्येक वेळी "लागलं ना?" म्हणालात तर चांगल्या स्वभावाची माणसं तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून "हो" म्हणतील. आजी तर हमखास.

तंतूही थकतो. १० ते १५ रुग्ण झाले की त्याला २४ तास विश्रांती द्या, आणि ७० ते ९० रुग्णांनंतर बदला.

तंतू घरी राहिला तर बोट आहे. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट, करंगळी यांच्या टोकांना तर्जनी हलकेच एक-दोन सेकंद टेकवा. न दाबता, न घासता. सहापैकी दोन किंवा जास्त जागी कळलं नाही तर जाणीव कमी आहे. ही चाचणी घरच्यांनाही शिकवता येते.

यावरून पुढची तपासणी किती दिवसांनी ते ठरतं. मधुमेह आहे पण जाणीव आणि रक्तपुरवठा दोन्ही शाबूत: वर्षातून एकदा. दोन्हींपैकी एक बिघडलेलं: ६ ते १२ महिन्यांनी. दोन्ही बिघडलेली, किंवा एक बिघडलेलं आणि सोबत पायाचा आकार वाकडा: ३ ते ६ महिन्यांनी. जाणीव किंवा रक्तपुरवठा बिघडलेला आणि पूर्वी जखम झालेली, बोट काढलेलं किंवा मूत्रपिंड निकामी: १ ते ३ महिन्यांनी. हे जोखमीच्या तपासणीचं वेळापत्रक आहे. नखं कापायला त्याआधीही जावं लागेल, आणि गेलात की पाय बघायचेच.

आता नखं

भिजवत ठेवू नका. टबात पाय बुडवून अर्धा तास बसणं सुखाचं वाटतं, पण मधुमेही पायाची त्वचा फुगते, बेचक्या ओल्या राहतात आणि चिरतात. ओल्या कापडाने पुसून घ्या, नखाखालची घाण बोथट अवजाराने हलकेच काढा.

एका हाताच्या अंगठ्याने बोटाचं मांस मागे ओढून धरा. नख एका झटक्यात कापायचं नाही. एका कडेपासून लहान लहान तुकडे घेत सरळ रेषेत जायचं. मांसाच्या कडेपासून मिलिमीटर-दोन मिलिमीटर नख राहू द्या. कोपरे गोल कापू नका, आत खणू नका. टोकेरी राहिलेला कोपरा कानशीने बोथट करा, एकाच दिशेने. शेवटी बोट फिरवून बघा, मोज्याचा धागा अडकेल असं काही राहिलंय का.

जाड, पिवळी, थराथराची नखं आधी वरून घासून पातळ करायची, मग कापायची. एकाच भेटीत ती सुंदर दिसावीत हा हट्ट सोडा. पायाचं नख महिन्याला दीडेक मिलिमीटर वाढतं, अंगठ्याचं पूर्ण नख नवं यायला १२ ते १८ महिने लागतात. बुरशीचा उपचार सुरू झाला तरी फरक दिसायला वेळ लागेल, हे घरच्यांना आधीच सांगा, नाहीतर दोन महिन्यांत औषध बंद होतं.

सुरुवातीच्या दिवसांतली माझी चूक सांगते. एका काकांचं अंगठ्याचं नख कडेला आत वळलेलं होतं. "जरा कोपरा काढा ना सिस्टर, टोचतो." मी काढला. रक्त आलं, आणि थांबेना. ते रक्त पातळ करण्याची गोळी घेत होते. फोनवर विचारायचं मी विसरले होते. वीस मिनिटं पाय उंच धरून गॉझ दाबून बसले. जखम भरली, पण त्या रात्री मला झोप आली नाही. आत वळलेल्या नखाभोवती सूज, पू किंवा वाढलेलं मांस असेल तर ते नख तुमचं नाही. डॉक्टरांकडे पाठवा. साधी चीर पडली तर गॉझने सलग पाच ते दहा मिनिटं दाबा, मधूनमधून उचलून बघू नका, मग धुऊन ड्रेसिंग करा, झालं ते रुग्णाला सांगा आणि लिहा. लपवू नका.

घट्टे, कुरूप, भेगा

घट्टा कमी केल्याने खालचा दाब कमी होतो, म्हणून तो कमी करायचाच. पण तुमच्या हाताला ब्लेडचं प्रशिक्षण नसेल तर घासपट्टीने, थोडा थोडा, अनेक भेटींत. एका दिवसात गुलाबी कातडी दिसेपर्यंत घासाल तर पुढच्या पावलाला तिथे फोड येईल. बाजारात कुरुपावर चिकटवायच्या औषधी पट्ट्या मिळतात, त्यात सॅलिसिलिक आम्ल असतं. ते कुरूप आणि चांगली कातडी यांत फरक करत नाही. बधिर पायाला त्या वर्ज्य. घरात सापडल्या तर गोड बोलून काढून घ्या. त्याच कपाटात बहुधा दाढीचं जुनं ब्लेडही असतं, घट्टा तासायला ठेवलेलं.

घट्टा परत परत त्याच जागी येत असेल तर दोष बुटाचा किंवा हाडाचा आहे. तिथे नुसतं घासत राहण्यात अर्थ नाही, पादत्राणं बदलायला हवीत.

टाचांच्या भेगांना युरिया असलेलं क्रीम चांगलं. बेचक्यांत क्रीम नाही. पाय रोज धुवायचे, पाणी ३७ अंशांपेक्षा गरम नको, कोपराने किंवा थर्मामीटरने बघायचं आणि बेचक्या टिपून कोरड्या करायच्या.

बूट

रुग्णाला उभं करून कागदावर पाऊल रेखून घ्या, मग बूट त्या कागदावर ठेवा. कागदावरचं पाऊल बुटाच्या बाहेर डोकावत असेल तर वेगळं समजवावं लागत नाही. आतली लांबी पावलापेक्षा १ ते २ सेंटिमीटर जास्त हवी, बोटांना उंचीही हवी. बधिर पायाला सैल बूट बरोबर वाटत नाहीत, कारण पकड जाणवत नाही. म्हणून ही माणसं एक माप लहान घेतात. आणि घालण्याआधी प्रत्येक वेळी बुटात हात घालायचा. मला आतापर्यंत बटण, गोळीचं वेष्टन, नातवाचं खेळण्यातलं चाक आणि आतून वर आलेला खिळा सापडला आहे. खिळ्यावर बाई दिवसभर चालली होती.

घरच्यांना काय शिकवायचं

एका भेटीत दोन गोष्टी. दहा सांगितल्या तर एकही राहत नाही. पहिल्या भेटीत: रोज रात्री पाय बघणं आणि घरातही अनवाणी न फिरणं. तळवा दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून. नजर कमी असेल तर सुनेने, मुलाने, शेजारच्या कुणीतरी. सांगून झाल्यावर त्यांनाच करून दाखवायला सांगा. पुढच्या भेटीत: पायाला गरम पाण्याची पिशवी आणि हीटर नको, फोड फोडायचा नाही.

ओरडू नका. पुष्कळ म्हातारी माणसं जखम लपवतात, कारण कुणाचा तरी पाय कापलेला त्यांनी पाहिलेला असतो आणि दाखवली तर आपलाही कापतील असं वाटतं. उलट आहे, लवकर दाखवलेला पाय वाचण्याची शक्यता जास्त, हे शांतपणे, पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

अंथरुणाला खिळलेल्यांची टाच रोज बघायची. उशी टाचेखाली न ठेवता पोटरीखाली ठेवायची, म्हणजे टाच अधांतरी राहते. स्मृतिभ्रंश असलेल्यांचा एक पाय आज, एक उद्या केला तरी चालतो. पाय ओढून घेत असतील तर निपर खाली ठेवा.

काम थांबवायचं कधी

पाय अचानक गार, पांढरा किंवा निळसर पडला आणि नाडी लागत नाही: तासांचा हिशोब आहे, थेट रुग्णालय. बधिर नसलेल्या पायाला जोरात कळाही येतील. बोट काळं पडलंय, वास येतोय, लाली जखमेपासून दोन सेंटिमीटरपलीकडे पसरली किंवा वर रेघ चढतेय, ताप, थंडी, गोंधळल्यासारखं बोलणं, साखर कारण नसताना एकदम चढलेली: आजच, आत्ताच. बाकी कुठलीही उघडी जखम दिसली तर एक-दोन दिवसांत डॉक्टरांनी बघितलीच पाहिजे. या दिवशी नखं राहिली तरी चालतील. "एवढं लांबून आलात तर कापून तरी जा" असं म्हणतील. नाही म्हणायला शिका.

लिहिणं, आणि दुसऱ्या दिवशीचा फोन

"पाय ठीक" असं लिहिलेल्या नोंदीचा कुणालाच उपयोग नाही. दोन तळव्यांचं रेखाचित्र छापून ठेवा आणि घट्टा, भेग, ठिपका तिथे खूण करून मिलिमीटरमध्ये लिहा. परवानगी घेऊन फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून, चेहरा न घेता. नाड्या, तंतूची उत्तरं, काय कापलं, काय नाही कापलं आणि का, कुणाला कळवलं, किती वाजता. निघण्याआधी पुढची तारीख त्यांच्या कॅलेंडरवर तुम्हीच लिहा.

ज्यांना चीर पडली, ज्यांचा घट्टा कमी केला, ज्यांना नवे बूट घातले, त्यांना दुसऱ्या दिवशी फोन करा. "दुखतंय का?" असं विचारू नका. काल रात्रीचा मोजा उलटा करायला सांगा आणि त्यावर डाग आहे का ते विचारा.